उत्तर: आंबा अर्ध्यावर आणून टाकू का?

ताई, अंगणातला आंबा वरून छाटून 'एकदाचा अर्ध्यावर आणून टाकते, म्हणजे शेजाऱ्यांची कटकट मिटेल' हे तुमचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळाच आला. सहा वर्षांपूर्वी इंदिरानगरला आमचंही हेच झालं होतं. आंबाच, आणि शेजारच्या गच्चीवर गेलेली एकच फांदी.

परवानगीचं तुम्हाला माहीत असेलच. महाराष्ट्राचा १९७५ चा शहरी भागातल्या झाडांचा कायदा आपल्या अंगणातल्या झाडालाही लागू आहे. माझी चूक अर्जातच झाली. मी लिहिलं, 'आंब्याच्या झाडाची छाटणी करून मिळावी.' कशासाठी, कोणती फांदी, काही नाही. मग दोन महिने महापालिकेत चकरा. साहेब साइटवर, फाइल दुसऱ्या टेबलावर. आणि ऐन मे महिन्यात, मी कामावर असताना, न सांगता माणसं येऊन गेली. संध्याकाळी पाहते तर अंगणात खोड आणि पाच खुंट. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, 'तुम्हीच छाटणी मागितली होती ना?' आता यावर काय बोलणार!

पुढचं हळूहळू कळत गेलं. इतकी वर्षं सावलीत असलेली साल एकदम उन्हात आली, भाजली, तडकली. दुसऱ्या वर्षी बुंध्याशी भुसा दिसायला लागला, वर पाहिलं तर सालीत गोल भोक. भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. खुंटांवर झाडूसारखी फूट आली, ती बघून मी खूश! पण ती फूट सालीलगतच धरलेली असते, लाकडात रुजलेली नसते. तिसऱ्या पावसाळ्यात वाऱ्याने त्यातली एक मनगटाएवढी फांदी फाटून स्कूटरवर पडली. म्हणजे धोका कमी करायला गेले आणि वाढवून बसले. मोहोर चार वर्षं नाही.

निफाडचा मामेभाऊ म्हणाला होता, 'जोरात छाट, माल येईल.' त्याचं द्राक्षापुरतं बरोबर आहे. द्राक्षाला छाटणीनंतरच्या नव्या फुटीवर घड लागतो. आंब्याचा मोहोर येतो पक्व काडीच्या शेंड्यातून. शेंडेच उडवल्यावर येणार कुठून?

म्हणून आधी कारण ठरवा, कारण बदललं की फांदी बदलते. वाळलेली किंवा किडकी असेल तर तेवढीच काढायची. आत ऊन-वारा जात नसेल तर मधल्या एकमेकींवर घासणाऱ्या विरळ करायच्या. गच्चीवर गेली असेल तर ती एकच, जिथून फुटली तिथून. अर्जात हेच लिहा, फोटो जोडा, फांदीला चुन्याचा पट्टा मारा, आणि त्या दिवशी चक्क रजा घेऊन उभ्या राहा.

कापताना आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून खाच, मग त्याच्या थोडं पुढे, शेंड्याकडे, वरून काप, नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. उरलेला खुंट शेवटी काढायचा, पण फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो तो राखून. जखम तिथूनच भरत येते. 'सपाट कापलं की छान दिसतं' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. वर ऑइलपेंट नको. आम्ही बोर्डो पेस्ट लावतो (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर, प्लास्टिकच्या बादलीत).

मी काही तज्ज्ञ नाही, पोळलेली आहे इतकंच. झाड खरंच कललं असेल, बुंध्याशी माती उचलली असेल तर हे सगळं सोडा आणि जाणकाराला बोलवा. नसेल तर फळं उतरेपर्यंत थांबा.

आणि तुमच्या फोटोत मागे शेवगा दिसतोय, त्याला परवानगी सोडून यातलं काही लागू नाही. परवानगी मिळाली की तो शेंगा संपल्यावर बिनधास्त छाटा.