उकडलेल्या बटाट्यावर फेस का येत नाही? – वाचकांचे विज्ञानविषयक प्रश्न

प्रश्न : आम्ही शाळेत बटाट्याचे सारख्या आकाराचे तुकडे 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात टाकले. कच्च्या तुकड्यावर भरपूर फेस आला, बर्फात ठेवलेल्या तुकड्यावर कमी आला आणि उकडलेल्यावर आलाच नाही. बर्फातला तुकडा नेहमीच्या तापमानाला आणल्यावर चांगला फेसाळला, उकडलेला मात्र गार करूनही तसाच राहिला. बटाट्यातील कॅटालेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारे प्रथिन) क्रियेत खर्च होत नाही असे पुस्तकात आहे. मग कच्च्या तुकड्याचा फेसही काही वेळाने का थांबला? आणि 6 टक्के द्रावण घेतल्यावर फेस दुप्पट का झाला नाही?

उत्तर : आपल्या प्रयोगात चार ठिकाणी फेस अपेक्षेपेक्षा कमी पडला आणि चारही ठिकाणी त्याचे कारण वेगळे आहे. ‘विकर निष्क्रिय झाले’ एवढे एकच स्पष्टीकरण चारही ठिकाणी लावण्याची सवय अनेकांना असते. ते येथे फक्त उकडलेल्या तुकड्याला पूर्णपणे लागू पडते.

आधी कॅटालेज नेमके काय करते ते पाहू. हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटन आपोआपही होत असते, पण फार सावकाश, कारण विघटनापूर्वी रेणूला सक्रियण ऊर्जेचा अडसर ओलांडावा लागतो. विकराविना हा अडसर मोलमागे सुमारे 75 किलोज्यूल असतो. कॅटालेजच्या उपस्थितीत तो 23 किलोज्यूलच्या आसपास असल्याचे पाठ्यपुस्तकांत सहसा दिलेले असते. बाकी सर्व समान धरून गणित केले, तर नेहमीच्या तापमानाला एवढ्या फरकाने क्रियेचा वेग शंभर कोटींहून अधिक पटींनी वाढायला हवा. विकर क्रियेला ऊर्जा पुरवत नाही आणि क्रियेअखेर काय व किती तयार होणार हेही बदलत नाही. ते फक्त कमी ऊर्जेचा दुसरा मार्ग उपलब्ध करून देते.

हा मार्ग प्रथिनाच्या घडणीत दडलेला आहे. कॅटालेजचा रेणू चार प्रथिन-साखळ्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक साखळीच्या पोटात हीम नावाचा गट व त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. पृष्ठभागापासून या लोहापर्यंत जाणारी वाट अरुंद असल्यामुळे पेरॉक्साइडसारखे लहान रेणूच तेथे सहज पोहोचू शकतात. पेरॉक्साइडचा पहिला रेणू आपला एक ऑक्सिजन अणू लोहाजवळ सोडतो आणि पाणी होऊन बाहेर पडतो. दुसरा रेणू आला, की तो अणू त्याच्याकडून हायड्रोजन घेऊन पाणी होतो, त्या दुसऱ्या रेणूतून ऑक्सिजन वायू सुटतो आणि लोह मूळ स्थितीत परत येते. शेजारी ठरावीक जागी बसलेली हिस्टिडिन आणि अस्पॅरॅजिन ही अमिनो आम्ले (प्रथिन-साखळीचे घटक) या देवघेवीला मदत करतात. हे सारे इतक्या झपाट्याने होते, की कॅटालेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडच्या दहा लाखांहून अधिक रेणूंचे विघटन करू शकतो.

आता उकडलेल्या तुकड्याकडे वळू. साखळीच्या घड्या जागच्या जागी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध व इतर क्षीण आकर्षणे उकळत्या पाण्याच्या तापमानाला तुटतात, साखळी उलगडते आणि शेजारच्या उलगडलेल्या साखळ्यांत गुंतून बसते. अमिनो आम्लांचा क्रम शाबूत असतो, पण लोहाभोवतीची रचना मोडलेली असते, आणि गार केल्यावर तो गुंता सहसा सुटत नाही.

बर्फातल्या तुकड्यात घडण मोडलेली नसते; फक्त रेणूंची हालचाल मंदावलेली असते, म्हणून तो पूर्ववत होतो. येथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. तापमान 10 अंशांनी वाढले की विकराचा वेग दुप्पट होतो, हा सर्रास सांगितला जाणारा नियम कॅटालेजला नीट बसत नाही. अडसर जितका कमी, तितका तापमानाचा परिणाम कमी, आणि कॅटालेजने तो आधीच बराच खाली आणलेला असल्यामुळे 10 अंशांमागे वेग दीडपटीहूनही कमी वाढतो. शिवाय थंड पाण्यात ऑक्सिजन अधिक विरघळतो, म्हणजे तयार झालेल्या वायूचा काही भाग फेसात दिसतच नाही. फेसाच्या उंचीला क्रियेचा वेग मानताना ही चूक हमखास होते. सुटणारा वायू मोजनळीत गोळा करून दर अर्ध्या मिनिटाला त्याचे आकारमान नोंदवणे अधिक भरवशाचे.

कच्च्या तुकड्याचा फेस थांबला तो मुख्यतः पेरॉक्साइड संपत आल्यामुळे. हे तपासणे सोपे आहे : त्याच तुकड्यावर ताजे द्रावण घाला. फेस पुन्हा आला, तर विकर अजून शाबूत आहे. तो पहिल्यापेक्षा बराच कमी आला, तर काही विकर खरोखरच बिघडले, असा तर्क करता येईल.

तसे बिघडणेही शक्य आहे आणि आपल्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग त्यातच आहे. द्रावणाची संहती (दाटपणा) वाढवत गेल्यास विकराची सर्व सक्रिय स्थाने (जेथे क्रिया घडते त्या जागा) व्यापली जातात व त्यापुढे वेग वाढत नाही, हे सर्वसाधारण स्पष्टीकरण आपल्या पुस्तकात असेलच. कॅटालेजच्या बाबतीत ते अपुरे आहे. या विकराची स्थाने इतक्या लवकर मोकळी होतात, की ती सगळी व्यापून टाकणे अवघड असते. त्याआधीच दाट पेरॉक्साइड विकराचीच हानी करू लागते. 3 टक्के द्रावणात लिटरमागे सुमारे 0.9 मोल पेरॉक्साइड असते, जे जिवंत पेशीत आढळणाऱ्या प्रमाणाच्या तुलनेत प्रचंड आहे. त्यातच पेरॉक्साइडला तुकड्याच्या आत झिरपावे लागते व पृष्ठभागावरचे बुडबुडे त्याची वाट अडवतात. तुकड्याऐवजी बटाट्याचा गाळलेला रस वापरून आणि 0.5 ते 3 टक्के या टप्प्यात प्रयोग करून पाहा. संहतीचा परिणाम अधिक स्पष्ट दिसेल.

सामूचा (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या मापाचा) परिणामही याच पद्धतीने पाहता येईल. कॅटालेज 7 च्या आसपासच्या सामूला उत्तम काम करते. तीव्र आम्लात अमिनो आम्लांवरील विद्युतभार बदलतात आणि चार साखळ्या एकमेकींपासून सुटू लागतात. सायनाइड आणि अॅझाइड मात्र प्रथिनाची घडण न मोडता थेट हीममधील लोहाला चिकटून काम बंद पाडतात. ही दोन्ही घातक विषे असल्याने शाळेतील प्रयोगात त्यांना स्थान नाही.

प्रश्न : जखमेवर पेरॉक्साइड लावल्यावर फेस येतो, म्हणजे तेथे जंतू आहेत असे समजावे का?

उत्तर : नाही. तो फेस मुख्यतः आपल्याच रक्तातील आणि दुखावलेल्या पेशींमधील कॅटालेजमुळे येतो; लाल रक्तपेशींत हे विकर विपुल असते. पेरॉक्साइड नव्याने भरून येणाऱ्या पेशींनाही इजा करते, म्हणून जखमेवर ते वारंवार वापरू नये.

प्रश्न : कॅटालेज नसलेली माणसे असतात का?

उत्तर : असतात, पण क्वचित. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानमधील कान-नाक-घसातज्ज्ञ शिगेओ ताकाहारा यांनी एका मुलीच्या तोंडातील चिघळलेल्या व्रणावर शस्त्रक्रियेच्या वेळी पेरॉक्साइड ओतले, तेव्हा फेस आला नाही आणि रक्त काळपट तपकिरी झाले. तिच्या रक्तात कॅटालेज जवळजवळ नव्हते, आणि ही उणीव आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले. तोंडातील स्ट्रेप्टोकॉकससारखे काही जिवाणू पेरॉक्साइड सोडतात. हे पेरॉक्साइड जागच्या जागी नष्ट न झाल्याने अशा रुग्णांच्या हिरड्यांना व्रण होऊ शकतात. तरीही यातील पुष्कळांना काहीच त्रास होत नाही, कारण पेरॉक्साइडचे प्रमाण अल्प असते तेव्हा ते नष्ट करण्याचे काम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन ही दुसरी विकरे करत असतात.