डेंटिंग शिकायचंय? वर्षभर आयटीआय कराच

तुमचा भाचा दहावी झालाय, ओळखीचा डेंटर त्याला उद्यापासून हाताखाली घ्यायला तयार आहे, मग आयटीआयमध्ये वर्ष कशाला घालवायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी बॉडीशॉपमध्येच आयुष्य काढलंय, म्हणून मनापासून सांगतो: ते वर्ष घालवा.

‘मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे, पेंटिंगचा वेगळा. सगळीकडे मिळत नाहीत. नाहीच मिळाला तर वेल्डर किंवा शीट मेटल वर्करला टाका, हात त्याच वळणावर बसतो.

जुन्या अँबॅसिडरचा पत्रा जाड आणि मऊ होता. गॅसने तापवा, ठोका, सरळ करा, चालून जायचं. आजच्या बऱ्याच गाड्यांचा मधला पिलर, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधला खांब, बोरॉन स्टीलचा असतो, ताकद १५०० मेगापास्कलच्या आसपास. तो लाल होईपर्यंत तापवला की ती ताकद गेलीच, आणि बाहेरून काहीही कळत नाही. आमच्याकडे एक गाडी दुसरीकडून दुरुस्त होऊन आली होती. तक्रार एवढीच, की मागचं दार लावायला जोर लागतो. आतली ट्रिम काढली तर पिलर गॅसने तापवून सरळ केलेला, त्यावर बोटभर जाड लांबी (पुट्टी) आणि वर रंग असा, की कुणी नाव ठेवणार नाही. त्या दाराशी रोज कुणाचं तरी पोर बसत होतं. कुठला भाग ओढून सरळ करायचा, कुठला कापून बदलायचा आणि कापायचा तर नेमका कुठे, हे कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते उघडून वाचायची सवय रस्त्यावरच्या गॅरेजात सहसा लागत नाही. वेल्डिंगआधी बॅटरी सोडणं, इलेक्ट्रिक गाडीच्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात न लावणं, हेही तसंच.

दुसरी काळजी फुप्फुसांची. टू-के क्लिअर, म्हणजे रंगावर मारायचा पारदर्शक थर, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही उसळतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. भाचा कुठेही शिको, हे बघितल्याशिवाय स्प्रेगन हातात घेऊ देऊ नका.

त्या डेंटरला मात्र दुखवू नका, सुट्टीच्या दिवशी भाच्याला त्याच्याकडे पाठवा. हात तिथेच तयार होतो. पोचा सरळ करताना मधोमध हातोडी घालायची नाही, कडेकडेने आत यायचं. जास्त ठोकलं की पत्रा ताणला जातो आणि मग दाबला की टक-टक वाजत बसतो. उघडा तळवा पॅनेलवर लांबीच्या दिशेने फिरवला की डोळ्याला न दिसणारा उंचवटा लागतो. हे सांगून येत नाही, स्क्रॅपचे फेंडर ठोकून ठोकूनच येतं.

आयटीआयनंतर थेट नोकरी न शोधता अधिकृत वर्कशॉपच्या बॉडीशॉपमध्ये अप्रेंटिसशिप घ्या. १९६१ च्या कायद्याखाली विद्यावेतन मिळतं आणि चेसिस बेंच (वाकलेला सांगाडा ओढून सरळ करायचं यंत्र), स्पॉट वेल्डर, पेंट बूथ रोज हाताखालून जातात.

प्रवेश ऑनलाइन होतो. पर्याय भरण्याआधी त्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारून या. मुलं पत्र्यावर काम करताना दिसली तर निर्धास्त टाका. यंत्रं ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली दिसली तर दुसरं बघा, भले एसटीने तासभर लांब असो.