नाळ आभाळाकडे, होडी जागच्या जागी

प्रश्न : माझ्याकडे सोळा फुटी फायबरची होडी आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही मित्र दिवाळ्याच्या धक्क्यावरून खाडीत गळ टाकायला जातो. गेल्या वर्षी जुने ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन काढून तेवढ्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक बसवले. आता दोघे असलो तर होडी कशीबशी पाण्यावर उचलते. पण चौघे बसलो की नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर जाते, समोरचे दिसेनासे होते आणि इंजिन नुसते गुरगुरत राहते. दोघे असताना पूर्ण थ्रॉटलला मीटर मिनिटाला ४,९०० फेरे दाखवतो. मिस्त्री ६० चे इंजिन घ्यायला सांगतात. घ्यावे का?
— एक वाचक, बेलापूर

उत्तर : इतक्यात घेऊ नका. आपल्या पत्रावरून तरी दोष शक्तीचा कमी आणि वजनाच्या मांडणीचा व पंख्याचा (इंजिनाखाली पाण्यात फिरणाऱ्या प्रोपेलरचा) जास्त वाटतो.

होडी सावकाश चालते तेव्हा ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगते. वेग वाढतो तशी नाळेपाशी उठणारी लाट लांबत जाते आणि सोळा फुटी होडीच्या बाबतीत ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या आसपास ती होडीएवढी लांब होते. मग पिछाडी लाटेच्या खोलगटात बसते, नाळ लाटेच्या माथ्यावर चढते आणि होडी स्वतःच उठवलेला चढ चढत राहते. हा चढ ओलांडला की तळावर खालून येणारा पाण्याचा दाबच बरेचसे वजन पेलतो, होडी सपाट होते आणि तोच वेग राखायला थ्रॉटलही कमी पुरतो. आपली अडचण फक्त या चढाची आहे, आणि पिछाडीला जितके वजन तितका तो उभा होतो.

या शक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा साधारण पंधरा-वीस किलो जड असते आणि हे वाढीव वजन नेमके अगदी मागे, इंजिन अडकवायच्या फळीवर लटकते. त्यात पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि बर्फाची पेटीही आपण बहुधा मागेच ठेवत असाल. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे तीस किलोच्या आसपास वजन झाले. टाकी नळीच्या लांबीत बसेल तितकी मध्याकडे सरकवा, बर्फाची पेटी पुढे न्या आणि होडी उचलेपर्यंत दोन मित्रांना मधल्या फळीच्या पुढे बसवा. यावर एक पैसाही खर्च होत नाही, म्हणूनच की काय, हा उपाय कोणी करून पाहत नाही.

न दिसणारे वजनही तपासावे. फायबरच्या होडीला दुहेरी तळ असेल तर जोडातून शिरलेले पाणी आतल्या फोममध्ये मुरून बसते. माझ्या एका जुन्या होडीच्या तळाचे, पाणी सोडायचे बूच मी संध्याकाळी काढले, नाळ उंच करून ठेवली आणि सकाळी येऊन पाहिले तर धार बारीक झाली होती, थांबली नव्हती. खाली ठेवलेली बादली केव्हाच भरून वाहत होती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे त्या दिवशी मला नव्याने कळले. तळावर शेवाळ आणि खडबडीत कवचे धरली असतील तर तीही खरवडून काढा. खाडीत कायम बांधून ठेवलेल्या होडीला ती फार लवकर धरतात.

त्यानंतर इंजिनाचा कोन पाहा. इंजिन फळीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला ओळीने भोके असतात आणि त्यांत एक खीळ असते. ती मागच्या फळीच्या बाजूच्या भोकात घातली की इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यातला खालचा भाग, आत वळतो, रेटा पिछाडीला वर उचलतो आणि नाळ खाली बसते. पॉवर ट्रिम (बटणाने हा कोन बदलायची सोय) असेल तर सुरुवातीला पाय पूर्ण आत घ्यावा आणि होडी सपाट झाल्यावर हळूहळू बाहेर सोडावा. तो आतच ठेवला तर नाळ पाण्यात घुसते आणि सुकाणू जड लागते. होडी काठावर असताना तळाला एक सरळ पट्टी लावून ती मागे इंजिनापर्यंत न्या. पंख्याच्या वरची आडवी पाटी त्या रेषेत किंवा जेमतेम वर असावी. ती फार वर असेल तर पंखा हवा ओढतो आणि फेरे वाढूनही होडी पुढे जात नाही.

आता पंखा. या इंजिनांच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलचे फेरे बहुधा ५,००० ते ६,००० दिलेले असतात. दोघांना घेऊन ४,९०० म्हणजे इंजिन दबून चालले आहे, आणि चौघांना घेऊन ते आपल्या शक्तीपर्यंत पोहोचतच नाही. पंख्यावर कोरलेल्या दोन आकड्यांपैकी दुसरा बहुधा पिचचा असतो, म्हणजे पंखा एका फेऱ्यात हिशेबाने किती इंच पुढे सरकेल त्याचा. पिच एक इंच कमी केला की फेरे साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. तेव्हा १३ चा पंखा असेल तर ११ चा लावून पाहा. शेवटचा वेग थोडा कमी होईल, पण गळ टाकायला जाताना त्याची खंत कोणाला वाटते? पंख्यावरच्या त्या आडव्या पाटीला भोके पाडून बसवायचे प्लास्टिकचे पंख पिछाडी उचलायला मदत करतात, हे खरे. पण मी ते सगळ्यात शेवटी लावीन.

चाचणी मात्र भरतीला करा. आपल्या खाडीत ओहोटीला पाणी कंबरेएवढे उरते आणि एक मीटर पाण्यात लाटेचा वेग ताशी अकरा किलोमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे उथळ पाण्याचा अडथळा नेमका आपल्या चढापाशी येऊन मिळतो, होडी खाली खेचली जाते आणि पंखा गाळ उपसतो, जो इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातूनही आत जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईकडची भरती दुपारी बारा-एकला येते; तेव्हा मधल्या खोल पट्ट्यात, जाळी, कांदळवन आणि रोहित पक्ष्यांपासून दूर, एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध चालवून मीटरचे आकडे लिहून ठेवा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाचा आला ते समजणार नाही.

एवढे करूनही चौघांना घेऊन होडी उचलली नाही, तरच ६० च्या इंजिनाचा विचार करावा, आणि तोही होडीवरच्या पाटीत दिलेली कमाल अश्वशक्ती वाचून; कारण ते इंजिन त्याच मागच्या फळीवर आणखी वजन लटकवणार आहे.