‘मशरूमचा एक डोस घेतला तर मी यातून सुटेन का?’

हल्ली हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या तोंडांनी येतो. कुणी पॉडकास्ट ऐकलेला असतो, कुणाचा भाचा अ‍ॅमस्टरडॅमला असतो, कुणाच्या बॅगेत टेलिग्रामवरून मागवलेलं ‘मायक्रोडोस’ चॉकलेट असतं. गोळ्या खाऊन झाल्या, बोलून झालं, आता एकाच जालीम डोसमध्ये हे नैराश्य निपटता येईल का, असं विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: परदेशात या उपचाराबरोबर करुणेवर आधारलेली थेरपी देतात म्हणे. औषध एवढं गुणी असेल तर तिची गरजच काय?

दोन्हींचं उत्तर अभयच्या निमित्ताने देते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्याची हरकत नाही.

अभय छत्तीस वर्षांचा. राहायला सहकारनगर, नोकरी खराडीला. २०२१च्या दुसऱ्या लाटेत वडील गेले. ऑक्सिजनचा बेड, रेमडेसिव्हिरच्या रांगा, पहाटेपर्यंत फोन. पुण्यातल्या हजारो घरांनी तेव्हा जे केलं तेच त्याने केलं. पण वडिलांना एक दिवस आधी हलवायला हवं होतं, हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस घेऊन झाली होती. गुण आला, पण अर्धामुर्धा. कामावर जायचा, पगार घरी यायचा, बाकी सगळं मिटलेलं. पहिल्याच भेटीत म्हणाला, “मॅडम, मला अहो-जाहो करू नका. आणि खरं सांगा, मशरूम घेतलं तर मी सुटेन का? बंगळूरच्या मित्राकडे आहे.”

अशा वेळी ‘ड्रग्ज वाईट असतात’ म्हणून माणसाला गप्प करणं सोपं असतं. पण त्याने वाचलेलं निम्मं खरं होतं. नशा आणणाऱ्या या मशरूममधलं द्रव्य म्हणजे सायलोसायबिन. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावरची त्याची एक मोठी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. २३३ रुग्णांना २५, १० किंवा १ मिलिग्रॅमचा एकच डोस दिला होता. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमच्या गटात साधारण ३७ टक्के लोकांना ठळक फरक पडला, १ मिलिग्रॅमच्या गटात १८ टक्क्यांना. बारा आठवड्यांपर्यंत फरक टिकला तो २५च्या गटातल्या सुमारे २० टक्क्यांचा. म्हणजे औषधात काहीतरी आहे, आणि ते ओसरतंही. त्याच चाचणीत तिन्ही गटांत काही जणांना आत्महत्येचे विचार आल्याच्या किंवा स्वतःला इजा करून घेतल्याच्या नोंदी आहेत. पॉडकास्टवाले तिथे घाईत पुढे जातात. त्याआधी २०२१ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ५९ जणांमध्ये सायलोसायबिनची तुलना एस्सिटालोप्राम या आपल्या ओळखीच्या गोळीशी केली. सहा आठवड्यांनी, मुख्य मोजपट्टीवर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

ऑस्ट्रेलियात जुलै २०२३पासून परवाना असलेले मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देऊ शकतात. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली सायलोसायबिन बाळगणं हाच गुन्हा आहे, मग ते चॉकलेटमध्ये असो नाहीतर कोडाईकनालहून आलेल्या पुडीत. आणि त्या पुडीत किती मिलिग्रॅम आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हे सगळं अभयला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, फारसं पटलेलं दिसलं नाही. “घरात कुणाला मानसिक आजार?” या प्रश्नावर “नाही” म्हणाला. चाचण्यांमध्ये हा प्रश्न गाळणीसारखा वापरतात. रुग्णाला किंवा त्याच्या आईवडील-भावंडांपैकी कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार (मन कधी उन्मादात, कधी नैराश्यात झुलतं तो) असेल तर त्याला बहुधा घेतच नाहीत, कारण अशा माणसाला हे औषध उन्मादाकडे किंवा भ्रमाकडे लोटू शकतं.

पुढच्या भेटीला त्याची आई सोबत आली. मी सहज विचारलं, “काकू, अभयच्या बाबांची तब्येत एरवी कशी असायची?”

“त्यांना कुठं काय होतं! जरा तापट होते. झोपेची एक गोळी तेवढी जन्मभर चालू होती. आणि त्या गोळीपायी दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासायला लागायचं.”

झोपेच्या गोळीसाठी कुणी वर्षानुवर्षं रक्त तपासत नाही. जुनी फाइल असेल तर घेऊन या, म्हटलं. काकूंनी ती कापडी पिशवीतून आणली. लॅबच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या एका सुतळीत ओवलेल्या, प्रत्येकीवर ‘सीरम लिथियम’. लिथियम म्हणजे बायपोलर आजारावरचं जुनं औषध. मग हळूहळू बाकीचं निघालं. लग्नानंतर काही वर्षांनी बाबा सलग कितीतरी रात्री झोपले नव्हते आणि त्या तारेत तळेगावला दोन प्लॉटचा इसार देऊन आले होते. मग येरवड्याच्या मनोरुग्णालयात नेलं होतं. सासूबाईंनी बजावलं होतं, बाहेर बोलायचं नाही. काकू तीस वर्षं बोलल्या नाहीत, मुलांशीसुद्धा.

अभय शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “म्हणजे मी ते चॉकलेट खाल्लं असतं तर?”

त्याच्या सायकिअ‍ॅट्रिस्टना हे कळवल्यावर औषधांचा सगळा विचारच बदलला. वडिलांना लिथियमने गुण आला होता, म्हणून चालू गोळीला लिथियमची जोड दिली. जिथे नुसत्या गोळीने भागत नाही तिथे अशी जोड देण्याची पद्धत जुनीच आहे. आता तर चॉकलेटचा प्रश्नच मिटला, कारण लिथियम चालू असताना सायलोसायबिन घेतल्यावर फिट आल्याच्या कितीतरी हकिगती नोंदलेल्या आहेत. ज्यांचं लिथियम चालू आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

लिथियमला वेळ लागणार होता आणि अभयची अवस्था थांबण्यासारखी नव्हती. म्हणून डॉक्टरांनी केटामाइनचा छोटा कोर्स सुचवला. हे आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमधलं जुनं भुलीचं औषध. अगदी कमी मात्रेत, साधारणपणे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत सलाइनमधून दिलं तर हट्टी नैराश्य काही तासांत हलकं होऊ शकतं. नाकात मारायच्या त्याच्या भावंडाला, एस्केटामाइनला, अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. मशरूमच्या जातीचं हे औषध नव्हे, पण तेही माणसाला काही वेळ स्वतःपासून सोडवून ठेवतं. पुण्यात ते कायद्याच्या चौकटीत, हॉस्पिटलमध्ये, बीपी मोजत देता येतं. वारंवार घेतलं तर चटक लागू शकते, मूत्राशयालाही इजा होते. म्हणून ‘घरपोच केटामाइन’ असलं काही दिसलं तर तिकडे फिरकू नका.

पहिल्या सलाइननंतर आला तो थोडा खट्टू होऊन. “मला वाटलं होतं, बाबा भेटतील. मला फक्त आमच्या कसब्यातल्या वाड्याच्या शहाबादी फरशा दिसल्या. कितीतरी वेळ, नुसत्या फरशा.” पण बोलता बोलता हसला, आणि काकू चमकून त्याच्याकडे पाहायला लागल्या. कोर्स संपेपर्यंत तो सकाळी तळजाईवर फिरायला जायला लागला होता.

मग काही आठवड्यांनी ते ओसरलं. अपेक्षितच होतं, त्याला आधी सांगितलंही होतं. पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. जुनी टोचणी परत आली ती नवा मुद्दा घेऊन: “एवढा खर्च केला, सगळ्यांना कामाला लावलं, आणि हेही तुला टिकवता आलं नाही.” स्वतःला सतत झोडपणाऱ्या माणसाचं नेमकं असंच होतं. औषधाने आतला आवाज थोडे दिवस गप्प बसतो, आणि तोंड उघडतो तेव्हा त्या औषधावरूनच बोलायला लागतो. नांगरट झाली आणि पेरलंच नाही, तर रानात तणच माजणार. औषधाला थेरपीची जोड कशाला, याचं माझं उत्तर हे आहे.

करुणाकेंद्री थेरपी उभी केली ती पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी. त्यांच्या लक्षात आलं की काही रुग्ण नकारात्मक विचारांना बिनचूक उत्तरं देतात, पण देतात ती स्वतःवर खेकसून. शब्द समजुतीचे, सूर दरडावण्याचा. त्यांच्या मांडणीत मनाच्या तीन व्यवस्था आहेत: धोका ओळखणारी, काहीतरी मिळवायला धावणारी आणि शांतवणारी. अभयसारख्यांच्या पहिल्या दोन रात्रंदिवस चालू असतात आणि तिसरी जवळजवळ वापरातच नसते. तिचा सराव करावा लागतो: श्वास संथ करणं, बसण्याची ढब, चेहरा सैल सोडणं, आवाज बदलणं. दिसायला किरकोळ गोष्टी, पण करायला फार अवघड.

अभयची पहिली प्रतिक्रिया अस्सल पुणेरी होती. “हे म्हणजे स्वतःचे लाड झाले, मॅडम. अशाने माणूस सुधारत नाही, शेफारतो.” मी वाद घातला नाही. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि त्याला त्या टोचणाऱ्या आवाजाच्या खुर्चीत बसवलं. तिथे तो एकदम ताठ झाला, बोट उगारून बोलायला लागला: “एक दिवस आधी अक्कल चालवली असती तर?” बराच वेळ बोलू दिलं. मग त्याच आवाजाला विचारलं, “तुला भीती कशाची वाटते?” तो थांबला. “परत कुणीतरी जाईल आणि मला कळणार नाही.”

दुसऱ्या खुर्चीत मात्र गाडी अडली. स्वतःशी मायेने बोल म्हटलं की त्याच्या तोंडून ऑफिसचा मेल निघायचा. तेव्हा विचारलं, त्या काळात तुझ्या ओळखीत आणखी कुणाचं माणूस गेलं होतं का? त्याच्या टीममधल्या एका मुलीची आई गेली होती. “मग तिला काय म्हणालास?” आठवेना. मोबाइलमध्ये शोधलं तर २०२१चा व्हॉइस मेसेज अजून होता. त्याने लावला. “हे बघ, तुझ्या हातात होतं ते सगळं तू केलंस. तेव्हा तुला जेवढं कळत होतं, तेवढ्यावरच तू ठरवणार ना? आता आधी जेवून घे. कामाचं मी बघतो.” आवाज त्याचाच, आणि बोलण्यात कमालीची सावकाशी. त्याने तो परत लावला. तिसऱ्यांदा लावताना फोन कानाला धरला.

पुढचं सगळं काम त्या मेसेजवर झालं. रोज सकाळी आधी संथ श्वास, मग त्याच सुरात स्वतःशी चार वाक्यं. केटामाइनचा पुढचा डोस लागला तेव्हा आम्ही क्रम बदलला: आधी हा सराव, मग सलाइन, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. या वेळी ओसरताना टोचणी आली, पण तिला उत्तर देणारं कुणीतरी घरात होतं. सायलोसायबिनच्या चाचण्यांतही आधी तयारी, मग सहा-आठ तास सोबत, नंतर कित्येक दिवस त्यावर बोलणं, असाच क्रम असतो. मनाचे बांध सुटलेल्या त्या तासांत काहींना स्वतःची दया येते आणि ते पोटभर रडतात. पण ज्याच्या आत फक्त झोडपणाराच बसलाय, त्याला तेवढे तास त्याच्याच ताब्यात काढावे लागू शकतात. करुणेचा सराव आधी का हवा, ते यावरून कळावं. आणि त्या सरावाला कुठलाही कायदा आड येत नाही, तो उद्यापासून सुरू करता येतो.

तुमच्या घरात कुणी असा डोस घ्यायच्या बेतात असेल तर रागावण्याआधी तीन गोष्टी विचारा: कुठली गोळी चालू आहे, घराण्यात कुणाला काय झालं होतं, आणि जीव द्यावासा वाटतो का. शेवटच्याचं उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा, नाहीतर थेट हॉस्पिटल गाठा.

अभयचं लिथियम चालू आहे. रक्त तपासायला तो स्वतः जातो आणि कशासाठी ते ऑफिसात लपवत नाही. काकूंनी धाकट्या मुलीलाही सगळं सांगितलं. ती सातव्या महिन्यात आहे. वडिलांना बायपोलर असेल तर बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे मुलीला जपावं लागतं, तिच्या झोपेकडे तर डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. म्हणून तिच्या डॉक्टरांनी केसपेपरवर तशी नोंद केली आहे. रात्री बाळाला वरचं दूध कुणी पाजायचं, यावर जावई आणि काकूंचं अजून एकमत झालेलं नाही.