काळी वायर म्हणजे न्यूट्रलच, असे धरून चालू नका

आपण लिहिले आहे की, जुन्या घरातील पॅसेजच्या दिव्याचा बोर्ड उघडल्यावर बटणाच्या एका टोकाला दोन लाल वायर एकत्र पिळलेल्या आणि दुसऱ्या टोकाला एक काळी वायर आढळली, बटण बंद असताना लाल व काळीमध्ये मल्टिमीटरने २३० व्होल्ट दाखवले, आणि म्हणून काळीला न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) समजून तेथूनच मायक्रोवेव्हसाठी प्लग पॉइंट काढण्याचा आपला विचार आहे. तो कृपया सोडून द्यावा. बटणाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली वायर ही दिव्याकडे जाणारी हाफ वायर असते, मग तिचा रंग कोणताही असो. काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थिंगचा हा संकेत खरा. पण हाताशी जे बंडल उरले असेल ते ओढून मोकळे होणारे वायरमन मी पुष्कळ पाहिले आहेत.

मग २३० व्होल्ट कसे दिसले? बटण बंद असले तरी हाफ वायर बल्बच्या तारेतून न्यूट्रलला जोडलेलीच राहते, आणि मल्टिमीटर इतका नगण्य प्रवाह घेतो की मध्ये बल्ब असूनही आकडा जवळपास पूर्ण येतो. होल्डरमधून बल्ब काढून पुन्हा मोजल्यास तो आकडा कोसळेल. थोडे भासमान (मीटरवर नुसते दिसणारे) व्होल्ट उरले तरी टेस्ट लॅम्प पेटणार नाही. ही चाचणी चालू प्रवाहावर होते, त्यामुळे ती परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. बाकी काम मेन बंद करूनच व्हावे. मात्र घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद असतानाही त्याच्या लाइनवर फेज (प्रवाह आणणारी जिवंत वायर) असतो, हे त्याला आधी सांगावे.

समजा न्यूट्रल सापडला, तरी हा बोर्ड उपयोगाचा नाही. दिव्यांच्या लाइनला साधारण ६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढल्यास आपोआप बंद होणारा स्विच) आणि १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची वायर असते. मायक्रोवेव्हसाठी मेन बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा एमसीबी आणि तितक्याच क्षमतेचे सॉकेट घ्यावे. अर्थिंगची वायरही तेथूनच आणावी. शेजारच्या जुन्या प्लगमधून ती उचलू नये, कारण अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून दिलेले सॉकेट मी स्वतः उघडले आहेत, आणि अशा ठिकाणी मागचा न्यूट्रल तुटला की उपकरणाच्या पत्र्यावर थेट फेज येतो.