कराटे क्लासची डिरेक्टरीत छापायची जाहिरात कशी लिहावी?

एरियाच्या डिरेक्टरीत पाव पानाची जागा मिळाली आहे असं धरून तेवढ्यापुरतं सांगतो. डिरेक्टरीत क्लास शोधणाऱ्याला क्लास हवाच असतो. त्याला कराटेचं महत्त्व पटवण्यात जागा घालवू नका, तुमच्याकडेच का यावं ते सांगा.

क्लासचं नाव खाली घ्या. वर मोठ्या अक्षरांत लिहा: '६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींसाठी कराटे, शाळेनंतर, संध्याकाळी ६ ते ७'. फोन बरेचदा आई करते. तिला वेळ, अंतर आणि मूल सुरक्षित राहील का, एवढंच आधी कळायला हवं. त्यामुळे कौलं फोडणाऱ्या माणसाचा फोटो नको, पांढऱ्या गणवेशातल्या मुलांचा लावा (पालकांना विचारून). महिला प्रशिक्षक असतील तर ते ठळक छापा. पत्त्यात खूण हवीच: 'मारुती मंदिरासमोर, पहिला मजला'.

सरांचा ब्लॅक बेल्ट, डॅन (ब्लॅक बेल्टमधली श्रेणी), संघटनेची मान्यता एका ओळीत बसवा. 'पहिले दोन दिवस मोफत' लिहा. दहावीच्या क्रीडा गुणांचं आमिष मात्र दाखवू नका, ते गुण ठरावीक स्पर्धांतल्या सहभागावर किंवा यशावर मिळतात, क्लासला नुसता प्रवेश घेतल्यावर नाही. आणि छपाईला मंजुरी देण्याआधी प्रुफातला (तपासायला दिलेल्या नमुन्यातला) फोन नंबर स्वतः लावून बघा.