शिनचॅन साडेतीन वर्षांच्या मुलीला दाखवावं का?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांचा थोरला शिनचॅन लावतो, साडेतीन वर्षांची धाकटी शेजारी बसून तेच बघते, आणि आजी म्हणतात, "कार्टूनच तर आहे, घरातल्या माणसांचं आहे, बघू दे." मी मालवणजवळ बालवाडी चालवते, पालक हे मला नेहमी विचारतात. थोरल्याला चालेल, अधूनमधून तुम्ही सोबत बसत असाल तर. धाकटीला नको.

शिनचॅन स्वतः पाच वर्षांचा, म्हणून मालिकाही त्याच वयाच्या मुलांची असणार असं आपण धरून चालतो. मुळात ही चित्रकथा १९९० साली जपानमध्ये मोठ्यांच्या एका साप्ताहिकात सुरू झाली आणि १९९२ मध्ये टीव्हीवर आली. बापाचा पगार, घराचं कर्ज, आईला मारलेले टोमणे, तरुण मुलींच्या मागे लागणं, यातली गंमत मोठ्यांची आहे. आपल्याकडे २००८ मध्ये सरकारने ती बंद केली होती, पुढे काटछाट होऊन परत आली.

या वयाच्या मुलांच्या डोक्यात काय राहतं ते मी रोज बघते. डबा खाता खाता एक जण उठतो, पाठ फिरवून चड्डीला हात घालून नाचतो, बाकीचे खदाखदा हसतात आणि बघता बघता अख्खी रांग तेच करायला लागते. "मग शिनचॅनला आई ओरडली ना रे?" असं विचारलं तर पोर नुसतं बघत राहतं. भागाच्या शेवटी बसलेला मार आणि मधली खोडी यांचा संबंध त्याला जोडता येत नाही. त्याच्या लेखी खोडी झाली आणि सगळे हसले, एवढंच.

म्हणून कुठलीही मालिका आधी एकट्याने पूर्ण एक भाग बघा. हसू कोणाच्या जिवावर येतंय ते बघा. मग वेग. २०११ मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. फक्त नऊ मिनिटं भराभर दृश्यं बदलणारं कार्टून बघितलेली मुलं लगेच नंतर थांबणं, सूचना लक्षात ठेवणं अशा कामांत चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. त्या कार्टूनमध्ये साधारण दर ११ सेकंदांनी दृश्य बदलत होतं. घड्याळ समोर ठेवलंत तर हे घरीही मोजता येतं.

खरी परीक्षा मात्र टीव्ही बंद केल्यावर. पुढचा अर्धा तास मूल काय खेळतं? ब्लुई नावाची ऑस्ट्रेलियातली मालिका आहे, २०१८ पासूनची, एका कुत्र्याच्या कुटुंबाची, सातेक मिनिटांचे भाग. त्यातल्या एका भागात फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढाच खेळ आहे. इंग्रजी आमच्या पोरांना कळत नाही, मी शेजारी बसून मालवणीत सांगत गेले. संपल्यावर सगळी खळ्यात फुग्यामागे धावत होती, आणि खाली पडला की भांडण न करता पुन्हा उडवत होती. असं काही दिसलं की ती मालिका ठेवावी.

ॲपवरच्या 'यू' शिक्क्यावर विसंबू नका. त्याचा अर्थ सगळ्यांना चालेल एवढाच, तीन वर्षांच्या मुलासाठी केलंय असा नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन ते पाच वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. पुढचा भाग आपोआप लागण्याची सोय बंद करून टाका. चतुर्थीला मुंबईची भावंडं आली की एका मोबाईलभोवती सगळ्या वयाची डोकी गोळा होतात, तेव्हा तर नक्की लक्ष ठेवा.

थोरल्याची वेळ धाकटी दुपारी झोपते तेव्हाची ठेवा, त्याचं काढून घेऊ नका, नाहीतर राग तिच्यावर निघेल. आणि आजींशी वाद घालू नका. त्यांना शेजारी बसवून शिनचॅनचा एक अख्खा भाग दाखवा, मध्ये काही बोलू नका.